भोंग्यावरचं पूर्ण नाव

मरणाच्या दारात स्त्री-पुरुष असा भेद उरत नाही, असं मोहाडीतल्या प्रत्येक शोकसभेत गंभीर चेहऱ्यानं सांगितलं जातं. भोंग्याच्या रिक्षावर मात्र तो उरतो. तिथं पुरुष स्वतःच्या नावानं मरतो आणि बाई कुणाची तरी मातोश्री म्हणून.

"एवढंच बोलायचं," म्हणत भुपेंद्रनं मोबाइल बाबूलालच्या नाकासमोर धरला. आत त्याच्या आईला आंघोळ घालणं चाललं होतं.

बाबूलालनं मजकूर वाचला. कै. लक्ष्मणराव बारापात्रे यांच्या धर्मपत्नी व श्री. भुपेंद्र बारापात्रे यांच्या मातोश्री यांचे दुःखद निधन. अंत्ययात्रा राहत्या घरून, अकरा वाजता. त्यानं बोटानं वर-खाली सरकवून पाहिलं. जी मेली होती ती त्यात कुठंच नव्हती.

"बाईचं नाव राहिलं जी."

"राहिलं नाही, टाकलंच नाही. मायचं नाव का भोंग्यावर घ्याचं? लोकं काय म्हणतीन?"

"मी त दर निवडणुकीत घेऊन राहिलो होतो."

"ते पक्षाचं होतं. हे घरचं आहे."

बाबूलालनं मान हलवली आणि रिक्षा सुरू केली. प्रचार, लसीकरण, हरवलेली म्हैस आणि मयत या चार विषयांवर तो अर्धं आयुष्य बोलत आला होता. मयतीला तो रेकॉर्ड लावत नसे. मेलेल्या माणसासाठी जिवंत माणसानं बोलावं, असं त्याचं तत्त्व होतं. पेन ड्राइव्ह बिघडल्यापासून तो ते कटाक्षानं पाळत होता.

पण आजची मान खोटी हलली होती.

पोळ्याच्या सुमारास भुपेंद्रच्या आईनं, कामिनीबाईंनी, त्याला बोलावून घेतलं होतं. अंगावर हाडं तेवढी उरली होती. आवाज मात्र अजून पंचायत समितीतलाच.

"बाबूलाल, माया प्रचारात तू काय म्हणत होता रे?"

"'आपली कामिनी, सगळ्याइची कामिनी.'"

"अन् डोंगऱ्याच्या?"

"'डोंगरेसाहेबांना प्रचंड मतांनी विजयी करा.'"

"तो पडला. मी सभापती झाली. तरी तो साहेब अन् मी कामिनी. मी का शेंबडी पोरगी होती?"

"लोकं मायेनं म्हणतेत, बाई."

"मंग डोंगऱ्यावर काहून नाई करत माया? नाव काय त्याचं, सांग बरं."

बाबूलालनं आठवून पाहिलं. डोंगरेसाहेबांसाठीही त्यानं दोनदा घसा फोडला होता. नाव काही आठवेना. साहेबांना नाव असेल, हेच त्याच्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

कामिनीबाई हसल्या आणि मग बराच वेळ खोकल्या.

"माया पोरापेक्षा लहान अधिकारी. मीटिंगमंदी उपसभापतीले 'सर' म्हणे, अन् माया तोंडाकडं पाहून 'बोला कामिनीताई'. जशी का मी त्याले राखी बांधाले आली." त्यांनी दम घेतला. "मी मेली का तूच फिरशीन गावात. तवा पूर्ण नाव घे. पदासकट, आडनावासकट. नुसतं कामिनी म्हणू नोको. एवढं करशीन?"

बाबूलालनं शब्द दिला. निवडणुकीच्या दिवसांत तो दारोदार शब्द वाटत फिरायचा, पण ते उमेदवारांचे असत. स्वतःचा असा हा पहिलाच.

म्हणून बसस्टँडवर आल्याबरोबर त्यानं भुपेंद्रचा मजकूर बाजूला सारला आणि माइक तोंडाशी धरला. "मोहाडी पंचायत समितीच्या माजी सभापती, श्रीमती कामिनी लक्ष्मणराव बारापात्रे यांचं दुःखद निधन झालेलं आहे होऽ." बोलताना त्याची पाठ आपोआप ताठ झाली.

पानठेल्यावरच्या दोघांनी माना वर केल्या.

"कोन बारापात्रे गा? चक्कीवाला?"

"त्याची बायको असंन. आजारीच होती."

"माजी सभापती म्हणते ना."

"मेल्यावर सारेच माजी असतेत. चुना दे."

कोष्टीपुऱ्यात दर तिसरं घर बारापात्रेंचं. एका दारातल्या म्हाताऱ्यानं रिक्षालाच हात जोडले आणि तो परत दाढी करायला बसला. पुढच्या गल्लीत कुणी तेवढंही केलं नाही. बाबूलालचा मोबाइल वाजला. भुपेंद्र. नाव त्याच्या कानावर गेलं असणार, आता तो शिव्या घालणार, हे ओळखून बाबूलालनं फोन कापला. पुन्हा वाजला, पुन्हा कापला. मग मोबाइल सीटखाली कोंबून तो पुढं निघाला. शब्द पाळण्यात काहीतरी सोसावं लागतं, असं त्यानं ऐकलं होतं. ते सुरू झालं म्हणून त्याला थोडं बरंही वाटलं.

शेवटी राहिली तलावापलीकडची वस्ती. तिथल्या बाया दारात बसून, मांडीवर सूप घेऊन बिड्या वळतात. ज्या घरांच्या दारात त्या बसतात, त्या जागेचे पट्टे मिळावेत म्हणून कामिनीबाई तहसीलसमोर उपोषणाला बसल्या होत्या आणि सलाइन लावून उठल्या होत्या. पट्टे मिळाले. तेव्हापासून या वस्तीत कुठलंही मत मागायला बाबूलालला एकच शब्द पुरत असे.

आज त्यानं सगळे शब्द घेतले. पद, नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव. एकही सूप खाली उतरलं नाही.

"कोन मेलं गा बाबूलाल?" ललिताबाईनं विचारलं. तिची बोटं बिडीवरच होती.

त्यानं मान खाली घालून पूर्ण मजकूर पुन्हा म्हटला.

"असंन कोनी मोठा मानूस," ललिताबाई शेजारणीला म्हणाली. "त्याइच्या मयतीले का मानसाइची कमी असते?" आणि तिनं पुढचं पान घेतलं.

बाबूलाल रिक्षात बसून राहिला. शब्द तर त्यानं तंतोतंत पाळला होता. आता बाई पूर्ण नावानिशी, पदानिशी, चार खांदेकरी आणि घरची माणसं यांच्यात निघून जाणार होत्या. त्यांनी त्याच्याकडं मान मागितला होता. माणसं मागितली नव्हती. ती येणार नाहीत, असं त्यांच्या मनातसुद्धा आलं नसणार. भोंगा नुसताच घुमत होता. त्यानं माइक उचलला, खाली ठेवला, परत उचलला.

"आपली कामिनी गेली वो," तो म्हणाला.

सुपं खाली आली. ललिताबाईची तेंदूपानं मातीत सांडली.

"काय म्हणतं मेल्या? कामिनी? अन् मघाधरनं कोनाचं नाव घेऊन राहिला होता तू?"

"तिचंच."

"तिचं म्हणे! आपल्या मानसाचं असं नाव घेतेत काय?" ती रडतच चप्पल शोधू लागली.

वस्ती निघाली. पदर डोक्यावर, हात तंबाखूच्या भुकटीनं माखलेले. पुढं रिक्षा, मागं बाया. परतताना कोष्टीपुऱ्यातही बाबूलाल तेच म्हणाला. एकदा मोडलेला शब्द दुसऱ्यांदा मोडायला काही कष्ट पडत नाहीत. कामिनी गेली, आपली कामिनी गेली. दारं उघडली. दाढीवाला म्हातारा अर्धा फेस तसाच ठेवून मिरवणुकीत आला. पानठेला बंद झाला. डोंगरेसाहेबांच्या सभेला जमली असती, तर त्यांना अभिमान वाटला असता एवढी गर्दी होती. बाबूलाल मनातल्या मनात बाईंची माफी मागत होता. माणसं बघून त्या देतील, असं त्याला वाटत होतं.

अकराला अजून अवकाश होता. बारापात्रेंच्या दारात पाणी मारून झालं होतं. प्लास्टिकच्या खुर्च्या एकात एक रचून भिंतीला लावल्या होत्या. भुपेंद्रची बायको रुचिका खराटा घेऊन अंगणात आली आणि एवढी माणसं बघून जागीच थांबली.

"दहालेच नेलं जी," ती म्हणाली. "वेळ बदलली म्हणून सांगाले यांनी तुम्हाले किती फोन लावले. तुम्ही कापून राहिले होते."

बाबूलालनं सीटखालचा मोबाइल चाचपला.

"काहून बदलली?" ललिताबाईनं विचारलं.

"पक्षाचे साहेब आले होते, हार टाकाले. त्याइले घाई होती."

साहेबांना अकरा वाजता लाखनीत मोटारसायकलच्या शोरूमचं उद्घाटन होतं.