मी, खेळातला नावाडी

मित्रांनो, मी एका जुन्या व्हिडिओ गेममधला नावाडी आहे. खेळणारा घाटावर आला की त्याला नदीपलीकडे नेऊन सोडायचे, हे माझे काम.

माझा जन्म तिसऱ्या मजल्यावरच्या एका लहानशा ऑफिसात झाला. चित्रकाराने मला झुपकेदार मिशा दिल्या आणि घाईघाईत एक पाय जरा आखूड काढला. लेखिकेने मला एकच प्रश्न दिला, "कुठे निघालात?" खेळणाऱ्याने कोणतेही उत्तर निवडले, तरी मी "बसा" म्हणायचो आणि वल्हे मारू लागायचो.

एकदा लेखिकेची आई तिला घराची किल्ली द्यायला आली आणि गंमत म्हणून खेळायला बसली. तिने उत्तर निवडले, "तुझी नाव बुडवायला." मी म्हणालो, "बसा."

"अगं, हा बहिरा आहे का?" आईला हसू आवरेना. "ऐकायचंच नाही, तर विचारतो कशाला?"

लेखिकेचा चेहरा पडला. पण दुसऱ्या दिवसापासून तिने माझ्यासाठी पानेच्या पाने लिहिली. मला एक आजारी मुलगी मिळाली. कोण खोटे बोलले, कोणी मदत केली, हे माझ्या लक्षात राहू लागले.

साहेब कुरकुरले, "नावाड्याशी कोण गप्पा मारत बसणार?"

"तो बोलण्यासारखा असला तर मारतील, साहेब," लेखिका म्हणाली.

पहिली काही वर्षे धामधुमीची गेली. हजारो माणसे मी पलीकडे नेली. बरेच जण माझे बोलणे संपायच्या आत बटण दाबून पुढे पळत. मग नवे, झगमगीत गेम आले आणि माझा घाट ओस पडला.

अशात एके दिवशी दोघी बहिणी आल्या. बटणे थोरलीच्या हातात होती.

"ताई, थांब ना! ते काहीतरी सांगताहेत," धाकटी म्हणाली.

मी मुलीच्या तापाविषयी सांगितले. त्यांच्याकडे औषधाची एकच बाटली होती आणि पलीकडे किल्ल्यावर लढाई व्हायची होती.

"बाटली दिली तर आपण हरू," ताई म्हणाली.

"हरू दे. पण तिला काही झालं तर?"

ताईचा अंगठा बराच वेळ बटणावर घुटमळला. शेवटी तिने बाटली मला दिली. पुढे किल्ल्यावर दोघींनी सपाटून मार खाल्ला. ताईने रागाने टीव्हीच बंद केला. मला वाटले, या काही आता परत येत नाहीत.

दुसऱ्या दिवशी दोघी किल्ल्याकडे न जाता सरळ माझ्याकडे आल्या. ताईनेच प्रश्न निवडला, "मुलगी बरी आहे का?"

याचे उत्तर लेखिकेने कधीच लिहून ठेवले होते. पण इतक्या वर्षांत औषध देणारे औषध देऊन निघून गेले. चौकशीला कोणी फिरकलेच नव्हते. ते वाक्य मी पहिल्यांदाच बोललो.

"ताप उतरला! सकाळपासून नावेत बसायचा हट्ट धरलाय."

आणि झोपडीमागून माझी मुलगी धावत आली.

"आई, लवकर ये! ती उठली!" दोघी एवढ्या मोठ्याने ओरडल्या, की त्यांची आई ओल्या हातांनी धावत आली.

मित्रांनो, तुम्हाला पुढे जायची घाई असते, हे मला ठाऊक आहे. पण वाटेत कोणाचे भले केलेत, तर सवड काढून एकदा त्याच्याकडे परत या. त्याच्यापाशी तुम्हाला सांगण्यासारखे पुष्कळ असते.