आधारवरचा पत्ता

बिडाचा तवा चांगला तापला तसं कमलाने वाटीतलं पीठ कडेकडेने ओतलं आणि जाळी पडतेय का ते बघायला खाली वाकली. घावनावर झाकण ठेवून तिने नारळाच्या चटणीचं भांडं पुन्हा भरलं आणि दाराशी उभ्या असलेल्या श्यामरावांच्या हातात दिलं. ते पडवीत घेऊन गेले. जिल्हा परिषदेतून निवृत्त झाल्यापासून पाहुण्यांना वाढायचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं होतं.

पडवीत नाशिकहून आलेली निकुंभ मंडळी बसली होती. दोघे भाऊ, त्यांच्या बायका, तीन मुलं. साडेनऊ वाजून गेले तरी एकाचीही अंघोळ झाली नव्हती. थोरला भाऊ झोपाळ्यावर आडवा होऊन कालचाच पेपर वाचत होता. मुलं पत्त्यांचा डाव मोडून पुन्हा मांडत होती. माणसं चांगली होती. उष्ट्या ताटल्या स्वतः मोरीत आणून ठेवायची, मागायचं ते संकोचून मागायची.

"काकू, असं काही न करता लोळायला मिळालं ना, की वर्षभराचा शीण जातो," धाकटी सून रिकामी ताटली घेऊन आत आली तेव्हा म्हणाली.

"लोळा हो. त्याचसाठी तर आलात," कमला म्हणाली आणि घावन उलथलं.

रत्नागिरीजवळ भाट्ये गावातल्या या घरातल्या तीन खोल्या ते सहा वर्षांपासून पर्यटकांना देत होते. मे महिना, दिवाळी आणि नाताळ, या तीन वेळांना पाय ठेवायला जागा नसायची. मग कमला आणि श्यामराव स्वयंपाकघरामागच्या खोलीत, तांदळाची पोती आणि सोललेले नारळ यांच्यामधल्या जागेत गादी टाकून झोपायचे. त्याची आता सवय झाली होती.

फोन वाजला. पडद्यावर नाव होतं, जनी नाटे; ओळख पटावी म्हणून पुढे गावाचं नाव जोडलेलं. दोन वर्षांपूर्वी रत्नागिरीला बचत गटाच्या बायकांचं तीन दिवसांचं शिबिर झालं होतं, घरगुती पाहुणचाराचं. तिथे ही राजापुराकडची बाई तिच्या शेजारी बसायची. तेव्हापासून सणासुदीला दोघींचं बोलणं व्हायचं. पण भर हंगामात, सकाळच्या वेळेला नाही.

"कमलताई, सवड आहे काय वायच?"

"बोल. घावन आहे बिड्यावर."

"एक विचारायचं होतं. आगाऊपणा वाटला तर सोडून द्या." जनीने आवाज उतरवला. "माझ्याकडे एक मुलगी उतरलेय. एकटीच. तेवीस तारखेला आली. काल वहीत नोंद करायला तिचं आधारकार्ड घेतलं, तर पत्ता तुमच्या घराचा. उर्वी नाव आहे. तुमची मुलगी पुण्याला दिलेय ना, म्हणून म्हटलं..."

घावन करपल्याचा वास आला. कमलाने गॅस बंद केला, पण झाकण उचललं नाही.

"बरी आहे ना ती?"

"बरी आहे. जेवते, झोपते. झोपतेच जास्त. मी तुम्हाला ओळखते हे अजून बोलले नाय तिला."

फोन ठेवल्यावर कमला तशीच ओट्याला टेकून उभी राहिली. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात उर्वीचा फोन आला होता. आई, नाताळात आठ दिवस येऊ का? एकटीच येणार होती, जावयाला, अपूर्वला, रजा नव्हती. कमला तेव्हा बाजारात होती, हातात दोन पिशव्या होत्या. नाताळात कसं गं, ती म्हणाली होती, तिन्ही खोल्या गेल्यात. दोन तारखेनंतर ये. "माझी खोलीपण?" उर्वीने विचारलं होतं. "ती तर सगळ्यात आधी जाते. समुद्र दिसतो ना," कमलाने सांगितलं होतं, आणि सांगताना तिला त्या खोलीचं कौतुकच वाटलं होतं. पलीकडून उर्वी "बरं" म्हणाली. नेहमीसारखंच म्हणाली. निदान बाजाराच्या गलक्यात ते नेहमीसारखं ऐकू आलं.

तिने श्यामरावांना आत बोलावलं.

"मी नाट्याला जाऊन येते. साडेदहाची एसटी मिळेल."

"आज? ही मंडळी आता गणपतीपुळ्याला जातील आणि पाचपर्यंत परत येतील. रात्री सुरमई सांगितलेय त्यांनी."

"उर्वी आलेय."

"कुठे?" श्यामराव दाराकडे वळून बघू लागले.

"जनीकडे. पाहुणी म्हणून उतरलेय."

श्यामरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग पुन्हा काढला. "मी येऊ?" त्यांनी विचारलं.

"कुणीतरी हवं ना इथं," कमला म्हणाली.

निघताना तिने जनीला येतेय म्हणून कळवलं. एसटीत खिडकीपाशी जागा मिळाली. पावस गेलं, पूर्णगडचा पूल आला. खाडीत भरती होती आणि पुलाच्या कठड्याला टेकून कुठलीशी सहल फोटो काढत होती. रस्त्यावर बाहेरगावच्या गाड्याच गाड्या. सगळ्यांना सुट्ट्या होत्या. कमलाने दोनदा मोबाइल काढला, उर्वीचा नंबर समोर आणला आणि दोनदा पर्स बंद केली. फोनवर काय विचारायचं हेच तिला सुचेना. जे काही विचारावं ते आता वेळ निघून गेल्यावर विचारल्यासारखं होणार होतं.

जनीचं घर बंदराच्या वरच्या अंगाला होतं. खळ्यात सुकत घातलेल्या बांगडा माशांवर जाळं पसरलं होतं. सारवलेल्या ओट्यावर काथ्याची बाज आणि बाजेवर उर्वी. अंगात जुना टी-शर्ट, पोटावर पालथं पुस्तक, पाय अनवाणी. ती जागी होती. फाटकाची कडी वाजली तशी तिने मान वळवली आणि आईला बघून उठून बसली, पण दचकली नाही.

"तू येतेयस ते जनीताईंनी सांगितलं," ती म्हणाली.

"आधारवर अजून आपल्याच घराचा पत्ता आहे तुझा."

"बदलायचा राहिला."

कमला बाजेच्या कडेला बसली. उर्वी वाळली होती, पण चेहरा ताजा होता, पोटभर झोप झालेल्या माणसासारखा. जनी पाण्याचा तांब्या ठेवून गेली. जाताना हळूच म्हणाली, "दोघींचंच टाकते हां जेवण."

"इथे का आलीस?" कमलाने विचारलं आणि लगेच तिला वाटलं, हा प्रश्न आधी नको होता.

"सुट्टी होती. कुठेतरी पडून राहायचं होतं."

"घरी आली असतीस. आमच्यात झोपली असतीस मागच्या खोलीत. जागा केली असती."

"माहितीये." उर्वीने पुस्तक मिटलं. "पण मग सगळं सांगावं लागलं असतं. भिंतीपलीकडे पाहुणे, आणि मी तुला कुजबुजत सांगतेय."

 खाली बंदरावर कुणीतरी होडीच्या तळाला ठोकत होतं, त्याचा आवाज थोडा उशिराने वर येत होता.

"ऑक्टोबरपासून मी तिथे राहत नाही, आई. मेघनाकडे राहते. ऑफिसातली मैत्रीण."

"ऑक्टोबर," कमला म्हणाली. "मी दिवाळीचा फराळ पाठवला होता. अपूर्वचा फोन आला होता, चकल्या छान झाल्यात म्हणून."

"हो. त्याने मलाही कळवलं होतं, डबा आलाय म्हणून."

"मारलं वगैरे काही..."

"नाही गं. तसं काही नाही." उर्वी थोडं हसली. "तसं काही असतं तर सांगायला सोपं गेलं असतं."

कमलाने तिचा हात हातात घेतला. उर्वीने तो घेऊ दिला. तो हात गार होता, की आपला तापलेला आहे, ते कमलाला कळेना. मनात प्रश्नांची रांग लागली होती. चूक कुणाची, परत जायचं आहे की नाही, सासूला काय सांगितलं, वडिलांना काय सांगायचं. पण त्यातला एकही प्रश्न त्या गार हातापाशी आणून ठेवावा असा नव्हता.

"चल घरी," ती शेवटी म्हणाली.

"कुठे झोपू?"

उर्वीने हे टोमणा म्हणून विचारलं नव्हतं. गाडीची वेळ विचारावी तसं विचारलं होतं.  निकुंभांची मुलगी सानवी या वेळी उर्वीच्या पलंगावर ओले कपडे टाकून गेली असेल.

"एक तारखेला सकाळी जातायत ती मंडळी. तू दोनला ये."

"दोनला मला ऑफिसला हजर व्हायचंय."

"मग मी त्यांना सांगते. दुसरीकडे सोय लावून देते त्यांची."

"नाताळात? कुठे मिळणार आहे?" उर्वी म्हणाली. "मला इथे बरं वाटतंय, आई. खरंच. पाच दिवसांत जनीताईंनी मला एवढंच विचारलं, भात वाढू का."

ती पुन्हा आडवी झाली. आईचा हात मात्र तिने सोडला नाही. थोड्या वेळाने तिची बोटं आपोआप सैल पडली. कमला तिच्याकडे बघत बसली. लहानपणी झोपायची तशीच झोपली होती, एक पाय दुमडून, तोंड किंचित उघडं. कपाळावर केस आले होते. ते बाजूला करावेत म्हणून कमलाने हात पुढे केला आणि जाग येईल म्हणून मागे घेतला.

जेवणाची वेळ झाली तरी उर्वी उठली नाही. जनी म्हणाली, झोपू दे, रोज तीन वाजतातच तिला. कमलाने आतल्या खोलीत एकटीनेच आमटीभात खाल्ला. जनी आग्रहाने वाढत होती आणि कमला नको नको म्हणत होती. दुसऱ्याच्या घरी आल्यासारखी.

परतीची गाडी साडेतीनला होती. मधे श्यामरावांचा फोन येऊन गेला. काय झालं, एवढंच त्यांनी विचारलं. "झोपलेय," कमलाने सांगितलं. "बरं," ते म्हणाले.

तीन वाजले तेव्हा ती निरोप घ्यायला स्वयंपाकघरात गेली. जनी विळीवर बसून कोळंबी सोलत होती.

"संध्याकाळला तिला काय करू सांगा," जनी म्हणाली. "तुम्हाला ठाऊक असणार तिची आवड. पाच दिवस आमटीभात नि पिठीवरच आहे. दुसरं काय मागायला लाजतेय."

सकाळपासून पहिल्यांदाच कमलाला हलकं वाटलं. करता येईल असं काहीतरी होतं.

"कोळंबीची खिचडी कर. नारळाचं दूध घाल शेवटी, आणि मिरची कमी. ताट पुसून खायची ती. शाळेतून आली की पहिलं भांडं उघडून बघायची."

जनीचा हात थांबला.

"कोळंबी नको म्हणाली ती. आली त्याच दिवशी सांगितलंन. अंगावर गांध्या उठतात म्हणे. दोन वर्षं झाली, सोसतच नाय."

कमला उभीच राहिली. गेल्या जूनमध्ये उर्वी चार दिवस आली होती. पहिल्याच संध्याकाळी कमलाने पातेलंभर खिचडी केली होती, समोर बसून दोनदा वाढली होती. उर्वीने ती खाल्ली होती, छान झालेय म्हणाली होती. आणि पुढचे दोन दिवस त्या उकाड्यात ती पूर्ण बाह्यांचा कुर्ता घालून हिंडत होती. एवढं गरम होतंय, बाह्या तरी दुमड, असं कमलाने तिला म्हटलंही होतं.

जनीने सोललेली कोळंबी एका बाजूला सारली. तिला वाटलं, आपण बोललो ते चुकलं. "माझ्याकडे आजच आलेय, म्हणून सोलत होते," ती पुटपुटली. "मुंबईची दोन माणसं यायचीत, त्यांच्यासाठी."

बाहेर बाज करकरली. उर्वीने कूस बदलली असावी. दोघी कान देऊन थांबल्या. पुन्हा शांत झालं.

"मग काय खाते ती?" कमलाने विचारलं.

जनीने तिच्याकडे पाहिलं. हात धुतले, कोपऱ्यातला पाट ओढून तिच्यापुढे ठेवला. कमला बसली. जनी आठवून आठवून, हळू आवाजात एकेक सांगू लागली. सकाळचा चहा कोरा घेते. दूध बंद केलंन. कुळथाची पिठी आवडली, दोनदा मागून घेतलंन. उशी नको म्हणते, मान दुखते. कमला मान हलवत ऐकत होती, मधेच एखादी गोष्ट पुन्हा विचारून घेत होती.

साडेतीनची गाडी नाक्यावर येऊन थांबली, हॉर्न वाजवला, थोडी थांबली आणि निघून गेली. जनीने बोलता बोलता खिडकीकडे बघितलं. कमलाने बघितलं नाही.

"आणि?" ती म्हणाली.