सासरच्या टाकीत

दामिनीचं लग्न फेब्रुवारीत झालं आणि तिचे मासे एप्रिलमध्ये अकोल्याला आले. मधले दोन महिने ते अमरावतीला, माहेरीच होते. तिचा भाऊ कुलदीप त्यांना खायला घालायचा, पाणी बदलायचा. मग कुलदीपला नागपूरला नोकरी लागली, आणि आईने फोनवर सरळच सांगितलं की बादल्या उचलणं आता आपल्या कमरेला झेपणार नाही, मासे घेऊन जा नाहीतर कुणाला तरी देऊन टाक.

मासे म्हणजे चार मोती गोरामी, एक नर आणि तीन माद्या. बोटभर लांब, चपटे, अंगावर पांढऱ्या मोत्यांचे ठिपके शिंपडल्यासारखे. पोटाखालून दोन लांब धागे निघालेले, त्यांना दामिनी मिशा म्हणायची. या मिशांनी ते दगड, पान, एकमेकांना, सगळ्याला हात लावल्यासारखा स्पर्श करून बघायचे. लॅब टेक्निशियनचा कोर्स करत असताना तिने ते नखाएवढे आणले होते. चार वर्षांत एकही दगावला नव्हता. द्यायचे कुणाला, हा प्रश्नच तिला नको होता.

अकोल्याच्या घरात मासे नवीन नव्हते. तिचे सासरे खुशालराव वीज मंडळातून लाइनमन म्हणून निवृत्त झालेले. जठारपेठेतल्या त्यांच्या घरी बैठकीत चार फुटांची टाकी होती. मुलगी पाहायला ते अमरावतीला आले तेव्हा पोह्यांची बशी हातात घेऊन दामिनीच्या टाकीसमोरच उभे राहिले होते, आणि त्यांनी तिला स्वयंपाकाचं काही न विचारता पाणी किती दिवसांनी बदलतेस एवढंच विचारलं होतं. त्या घरी जायला हरकत नाही, असं तिला तेव्हाच वाटलं होतं.

दोन टाक्या मात्र शक्य नव्हत्या. नळ पाच-सहा दिवसांनी यायचा, आणि बोअरचं पाणी इतकं खारं की त्यात मासे काय, तुळसही नीट जगत नव्हती. माशांसाठी नळाचं पाणी ड्रममध्ये साठवून ठेवावं लागे. सासूबाई गोदाबाईंनी एका घरात एक टाकी पुरे असं म्हटलं, आणि त्यात त्यांचं चूक नव्हतं. खुशालरावांनी मग स्वतःच तोडगा काढला. दामिनीच्या मासोळ्या त्यांच्याच टाकीत सोडायच्या. चार फुटांची टाकी, जागेला काय कमी.

त्या टाकीचा मालक म्हणावा असा एक मासा होता. तळहाताएवढा निळा गोरामी. खुशालराव त्याला साहेब म्हणायचे. तीन उन्हाळे त्याने काढले होते. लाइट गेली, फिल्टर तासन् तास बंद पडला आणि बाकीचे मासे उलटे तरंगले, तरी साहेब वर यायचा, तोंड बाहेर काढून हवा घ्यायचा आणि पुन्हा खाली जायचा. गोरामीची जातच तशी, ती वरची हवा घेऊ शकते. पण खुशालरावांना ते साहेबाचं स्वतःचं कर्तृत्व वाटायचं. त्याच्यासोबत तळाशी फिरणारे पाच लहान कॅटफिश होते आणि तीन टायगर बार्ब, पिवळ्या अंगावर काळे पट्टे असलेले, दिवसभर पळणारे.

दामिनी बडनेऱ्याहून गाडीने आली, मांडीवर थर्माकोलचा खोका घेऊन. नवरा अमोल औषध कंपनीच्या कामाला वाशीमकडे गेला होता, म्हणून स्टेशनवर खुशालरावच स्कूटर घेऊन आले. घरी आल्यावर त्यांनी घाई केली नाही. पिशव्या अर्धा तास टाकीच्या पाण्यावर तरंगत ठेवल्या, मग वाटीवाटीने टाकीचं पाणी पिशवीत घालत राहिले, आणि तासाभराने एकेक मासा सोडला. दामिनीला बरं वाटलं. या माणसाला माशांतलं कळत होतं.

पाच मिनिटांत साहेब पाठीवरचा पर ताठ करून आला आणि तिच्या नराच्या अंगावर धावला. खुशालराव म्हणाले की नवीन पाहुणे आहेत, दोन दिवस ओळख होऊ दे.

ओळख काही झाली नाही. चारही मोती गोरामी फिल्टरच्या मागच्या अंधारात जाऊन दाटीवाटीने उभे राहिले. हवा घ्यायला वर यायचे तेही चोरासारखे. दाणे टाकले की साहेब आणि पट्टेवाले संपवून टाकायचे. चौथ्या दिवशी एका मादीची एक मिशी अर्धी दिसली. आठव्या दिवशी तिच्या दोन्ही मिशा मुळापासून गेल्या होत्या आणि शेपटी कातरल्यासारखी झाली होती.

दामिनी सकाळी आठला पॅथॉलॉजी लॅबमध्ये जायची आणि चारला परत यायची. आली की टाकीपाशी बसायची आणि रोज तेच पाहायची. साहेबाने उजव्या कोपऱ्यात, पाण्याच्या वरच्या थरावर बुडबुड्यांचं घरटं केलं होतं, आणि तिकडे कुणी नुसतं वळलं तरी तो टाकीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हाकलत न्यायचा. अपराधी कोण, याबद्दल तिला शंका नव्हती.

पण बोलायचं कसं? सासरी तिला कुणी वाकडा शब्द बोललं नव्हतं, आणि म्हणूनच बोलणं जास्त कठीण झालं होतं. दोन महिन्यांची सून, हौसेने घरात घेतलेले तिचे मासे, आणि तिने सासऱ्याच्या लाडक्या माशाबद्दल तक्रार करायची. तिने अमोलला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, बाबांना सांगून टाक, ते काही खात नाहीत. तिने त्यालाच बजावलं की तूही काही बोलू नकोस.

खुशालरावही त्या दिवसांत कमी बोलायला लागले होते. सकाळी चहा घेऊन ते टाकीसमोर खुर्ची ओढून बसायचे आणि पेपर न उघडता तासभर बघत राहायचे. आपल्या साहेबाला पाहत असतील, असं दामिनी समजायची.

शनिवारी सकाळी तिने मोजले तर तीनच मोती गोरामी होते. मिशा गेलेली मादी नव्हती. तिने फिल्टर बाजूला करून पाहिला, दगड उचलून पाहिले, टेबलाखाली, टाकीच्या मागे टॉर्च मारून पाहिलं. मासा उडी मारून बाहेर पडतो कधीकधी. कुठेच नव्हती. गोदाबाई देवपूजेत होत्या. खुशालराव सकाळीच स्कूटर काढून कुठेतरी गेले होते, फोन घरीच चार्जिंगला लावून. तिला वाटलं, रात्रीतून मेली असेल, आणि सुनेला दिसू नये म्हणून यांनी गुपचूप नेऊन टाकली असेल. हे तिला सगळ्यात जास्त लागलं. निदान सांगायचं तरी.

लॅबमध्ये तिचं लक्ष लागेना. एकच स्लाइड तिने तीनदा तपासली. शेवटी अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून दुपारी दोनला ती घरी निघाली. वाटेत तिने ठरवून टाकलं की आज बोलायचं. उरलेले तिघं अमरावतीला कुणाकडे तरी पोचवायचे, आणि हा विषय संपवायचा. काय बोलायचं ती वाक्यं ती मनात जुळवत होती, आणि प्रत्येक वाक्य उद्धट वाटत होतं.

उन्हामुळे समोरचं दार बंद करून कूलर लावलेला होता, म्हणून ती मागच्या अंगणातून आली. जिन्याखाली सावलीत कपड्यांचा मोठा निळा टब ठेवलेला होता. त्याला बाहेरून ओलं गोणपाट गुंडाळलं होतं, वर जुन्या मच्छरदाणीचा तुकडा आणि तुकड्यावर दोन विटा. दामिनीने एक वीट काढली, जाळी उचलली.

आत केळीच्या पानाचा एक तुकडा तरंगत होता. त्याच्या खालून तिची मादी हळूच बाहेर आली, वर आली, पाण्याबाहेर तोंड काढून तिने एक घोट हवा घेतली आणि पुन्हा पानाखाली गेली. शेपटी तुटकी, मिशा नाहीत, पण पोहणं सरळ. तळाशी दाण्यांचा चुरा पडला होता, म्हणजे खातही होती.

दामिनी पर्स खांद्यावरच ठेवून जिन्याच्या पायरीवर बसली. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते तिने ओढणीने पुसलं, तर आणखी आलं.

खुशालराव मागचं दार उघडून बाहेर आले आणि तिला तशी पाहून दारातच थांबले.

"जिती हाय," ते घाईने म्हणाले. "साडेपाचलेच काढली म्या तिले. तू उठाच्या आत माह्या दोस्ताकडून, नत्थुजीकडून वापस येतो म्हनलं, तं त्यानं बसवून घेतलं. तुले सांगाचं राहून गेलं, बेटा."

"मले वाटलं ती गेली, मामाजी. आन तुम्ही फेकून दिली."

ते पायरीवर, तिच्यापासून जरा अंतर ठेवून बसले. मग त्यांनी सांगितलं की ते आठ दिवस रोज सकाळी पाहत होते. साहेब हाकलतो, पण चावत नाही. चावतात ते पट्टेवाले. तिघंच असल्यामुळे त्यांना आपसांत भांडायला पुरेसे सोबती नाहीत, म्हणून लांब मिशी दिसली की तोडायला धावतात. आज पहाटे तिघंही त्या मादीला लागले होते, तेव्हा खुशालरावांनी जाळीने तिला बाहेर काढलं.

"मंग मले काहून नाही सांगतलं?"

"काय सांगू? पंधरा दिवस नाही झाले तं सुनेची मासोळी सासऱ्यानं टाकीबाहेर काढली, असं झालं असतं ना. तुले वाटलं असतं, माह्या मासोळ्याले या घरात जागा नाही."

दामिनीने मान खाली घातली. मग तिनेही सांगून टाकलं. "मी सगळा आळ साहेबावर ठेवून होती. पण तो तुमचा साहेब. त्याले नाव कसं ठेवू?"

खुशालरावांनी कपाळावरचा घाम पुसला. "म्हंजे आपन दोघंबी एकाच टाकीसमोर बसून राह्यलो, मी सकाळी, तू चार वाजता. आन बोललो कोनीच नाही."

त्यानंतर मात्र दोघं बोलत सुटले. घरट्यापायी साहेब सगळ्यांना टाकीभर पळवतो, हे खुशालरावांना माहीत नव्हतं. सकाळी तो शांत असायचा, जोर चढायचा तो संध्याकाळी. दामिनीने सांगितलं की टाकी मोकळी आहे, दगड सगळे मागे लावलेले, त्यामुळे साहेबाला एका टोकावरून दुसरं टोक दिसतं आणि सगळी टाकी आपलीच वाटते. मधे आडोसा हवा, वर तरंगणारी हिरवी रोपं हवीत. आणि सगळी मांडणी मोडून नवी करायची, म्हणजे त्याचा जुना कोपराच राहणार नाही. त्यातही तिचे मासे आधी सोडायचे आणि साहेबाला सगळ्यात शेवटी. खुशालराव मधेमधे हुंकार देत होते. पट्टेवाल्यांची सोय ते सकाळीच लावून आले होते. नत्थुजी त्यांचे मंडळातले जुने सोबती, आणि त्यांच्याकडे नुसते टायगर बार्बच दहा-बारा होते. त्या घोळक्यात हे तिघं आपसांत पळापळी करत राहतील, दुसऱ्या कुणाला छळणार नाहीत.

रविवारी नळ आला. सकाळपासून दोघं कामाला लागले, आधी टाकीतले सगळे मासे बादल्यांत काढले. गोदाबाईंनी फुटलेला माठ काढून दिला. त्याची मोठी खापरं घासून टाकीच्या मधोमध उभी केली. नत्थुजींकडून आणलेली रोपं वर सोडली. बार्ब डब्यात घालून त्यांच्याकडे पोचते केले. आधी कॅटफिश सोडले, मग चारही मोती गोरामी, टबातली मादीसुद्धा. दोन तास त्यांना टाकी पाहू दिली. ते खापरांमागून, पानांखालून फिरले, मिशा असलेल्यांनी सगळं चाचपून पाहिलं.

साहेबाची पिशवी हातात घेऊन खुशालराव टाकीपाशी उभे राहिले. "नाही जमलं तं साहेब टबात राहीन," ते म्हणाले. "तुह्या मासोळ्या नाही."

दामिनीने टाकीचं झाकण उचलून धरलं.

साहेब आधी उजव्या कोपऱ्यात गेला. तिथे काही ओळखीचं नव्हतं. तो परत फिरला, पर ताठ केला आणि दामिनीच्या नरावर धावला. नर खापराच्या मागे गेला. साहेब थांबला. समोर कुणी दिसेना, तेव्हा तो जरा वेळ तिथेच घुटमळला आणि दुसरीकडे निघून गेला. असं तीनदा झालं. चौथ्यांदा तो धावलाच नाही. डावीकडच्या रोपांखाली त्याने आपली नवी जागा धरली आणि तिथेच हळूहळू शेपटी हलवत राहिला.

पाच वाजता खुशालराव म्हणाले की आता दाणे टाकून पाहू. त्यांनी साहेबाच्या बाजूला टाकले, दामिनीने त्याच वेळी दुसऱ्या टोकाला. साहेब आपल्या बाजूचे खात राहिला. इकडे मोती गोरामी एकेक करून खापरांमागून बाहेर आले. सगळ्यात शेवटी ती मादी आली, टाकीच्या पुढच्या काचेपर्यंत, उघड्यावर. तिने एक दाणा तोंडात घेतला, सोडला, पुन्हा घेतला आणि गिळला. मग वर जाऊन हवा घेऊन आली, आणि या वेळी लपायला गेली नाही.

"खाल्ला," दामिनी म्हणाली.

"पाह्यलं मी," खुशालराव म्हणाले आणि खुर्चीवर मागे टेकून बसले. सकाळपासून ते पहिल्यांदाच बसले होते.

गोदाबाई स्वयंपाकघरातून आल्या. त्यांनी टाकीत एकदा पाहिलं, मग या दोघांकडे पाहिलं. दुपारचं जेवण झाकून ठेवल्याला चार तास झाले आहेत, गरम करू की फेकून देऊ, असं त्यांनी विचारलं. दोघांनाही तेव्हाच एकदम भूक लागल्याचं कळलं, आणि हात धुवायला ते बरोबरच उठले.