संशय गेल्यावर

“कॉलरला लाव,” किल्लीवाल्याने शेजारच्या गाळ्यातल्या अत्तरवाल्याला सांगितलं. “आणि जरा बायकी वासाचं दे.”

अत्तरवाल्याने चष्म्यावरून त्याच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं. पण गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक.

घरी बायको होती, आणि तिला आता कशाचाच संशय येत नव्हता. दुखणं तेवढंच उरलं होतं.

एके काळी काय थाट होता तिचा. दूधवाला पाणी घालतो, शेजारीण दोरीवरचे आपले कपडे मोजते, फोटोतली सासू फक्त आपल्याकडेच बघते, अशी तिची ठाम मतं होती. अधूनमधून ती घराचं कुलूप बदलून घ्यायची आणि मग ते बसवणाऱ्यावर डोळा ठेवायची. बसवणारा नवराच होता. एकदा नव्या कुलपाची किल्ली तिने इतकी लपवली की तिलाच सापडेना. शेवटी किल्लीवाल्याने भर दिवसा स्वतःचंच घर फोडलं. ती मागे उभी राहून म्हणाली, “हात बराच सराईत आहे हो तुमचा.”

लेक कॉलेजातून एक शब्द शिकून आली, पॅरानॉइया, म्हणजे संशयाचा आजार. मग घरात तोच. आईने गॅस पुन्हा बघितला, पॅरानॉइया. बापाने छत्री घेतली, पॅरानॉइया. मांजर दचकलं तरी तेच.

उन्हाळ्यात बायकोच्या मेंदूत रक्ताची गाठ झाली. ती बरी झाली, हिंडू-फिरू लागली. संशय तेवढा परत आला नाही. आईचा पॅरानॉइया गेला म्हणून लेक खूश. डॉक्टरांनी तिला समजावलं की तो आजार वेगळा, माणूस त्यात होरपळून निघतो. आईचा तुमच्या नुसता स्वभाव होता. मग तो परत कधी येईल, असं किल्लीवाल्याने विचारलं. डॉक्टर गोळ्या लिहीत राहिले.

म्हणून आजचं अत्तर. मुद्दाम उशिरा घरी पोचून तो तिला अगदी खेटून बसला.

“छान वास येतोय,” ती म्हणाली.

“शिंपीणबाईंकडे होतो. दुपारपासून.”

“बरं केलंत. एकट्या असतात बिचाऱ्या.”

“अगं, विचार तरी, इतका वेळ काय करत होतो.”

तिने त्याचा हात हातात घेतला. “तुम्ही सांगाल तेच खरं.”

हे वाक्य ऐकायला त्याने अख्खा संसार वाट पाहिली होती. तो उठून स्वयंपाकघरात गेला, नळ सोडला आणि धुतलेली भांडी पुन्हा घासायला लागला.