फोटोखालच्या दोन ओळी

बांगलादेशातल्या राजशाही शहरातल्या आमच्या छायाचित्र मंडळाची मी चिटणीस. एरवी शाळेत बंगाली शिकवते आणि पौषात आठ दिवस ग्रंथालयाच्या सभागृहात मंडळाचं प्रदर्शन भरवते. प्रत्येक फोटोला नाव हवं आणि खाली दोन ओळींची माहिती हवी, हा आमचा जुना नियम. त्या वर्षी मोफज्जल चाचांनी अर्जातले हे दोन्ही रकाने कोरे ठेवले.

चाचा सत्तरीचे. सगळी नोकरी पद्मेच्या काठावर पाण्याची पातळी मोजण्यात गेलेली. निवृत्त झाल्यावर ते एक जुना कॅमेरा गळ्यात अडकवून नदीवर भटकत. होड्या, पक्षी, सूर्यास्त असलं काही मात्र टिपत नसत. या फोटोत तर ओळखू येईल असं काहीच नव्हतं. सगळीकडे राखाडी रंग, मधे पिवळसर तांबडा एक ढग विरत चाललेला, आणि कडेला एक काळपट रेघ.

मी अर्ज घेऊन तलाइमारीला त्यांच्या भाड्याच्या खोलीवर गेले. त्यांनी उडदाची भाकरी आणि वांग्याचं भरीत पुढ्यात ठेवलं.

“चाचा, हे काय आहे, एवढं तरी लिहा की.”

“लिहिलं की लोक लिहिलेलंच वाचतील, पोरी. फोटो कोण बघणार?”

“आणि नाही लिहिलं तर कुणी ढुंकूनही बघणार नाही.”

“नको बघू दे.”

“बरं, मला तरी सांगा.”

ते थोडा वेळ भाकरी नुसतीच मोडत बसले. मग म्हणाले, “तुला सांगतो. पण लिहायला नाही.”

दोन वर्षांपूर्वी भाद्रपदात पद्मेनं त्यांचं गाव गिळलं. घरं गेली, मशीद गेली. कबरस्तान तेवढं उरलं होतं, तेही एका दुपारी ढासळलं. चाचांच्या बायकोची, जाहेदाची, कबर तिथेच होती. दुसऱ्या दिवशी चाचा होडी घेऊन त्या जागेवर गेले. वर काहीच नव्हतं, पण खालून माती अजून विरघळून वर येत होती. तेवढ्याच जागेचं पाणी वेगळ्या रंगाचं. तेच त्यांनी टिपलं.

“तीन दिवस तो रंग राहिला,” चाचा म्हणाले. “चौथ्या दिवशी सगळी नदी सारखी.”

मी रकाने कोरेच ठेवून फोटो टांगला. पहिल्याच दिवशी आमचे अध्यक्ष तोफायल भाई सगळ्यांसमोर म्हणाले, “काय चाचा, हा उलटा टांगलाय की सुलटा?”

“तुम्हाला बरा दिसेल तसा टांगा,” चाचा म्हणाले, आणि लोक हसले. कॉलेजची पोरं तर ‘भिंतीला ओल आली वाटतं’ म्हणत पुढे जायची.

एक बाई मात्र थांबली. शेफाली नावाची, सरकारी इस्पितळातली नर्स. ड्युटी संपवून आलेली, खांद्याला डब्याची पिशवी. तिथून ती हलेचना. मी जवळ जाऊन विचारलं, “काय दिसतं तुम्हाला?”

“आमच्या आईची पाठ,” ती म्हणाली. “अंथरुणाला खिळली होती ना, शेवटी शेवटी मीच पुसून द्यायचे. कातडीचा अस्साच रंग झालेला.” दुसऱ्या दिवशीही ती आली आणि तशीच उभी राहून गेली. मी हे चाचांना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा सैलावला.

तिसऱ्या दिवशी तोफायल भाईंनी मला बाजूला घेतलं. “लुत्फा, ते लचांड उतरव. खंड्याचा झकास फोटो पडून आहे, तो लावू.”

“चाचांना लागेल ते.”

“मग काय आहे ते लिही खाली. नियम सगळ्यांना एक.”

फोटो वाचवायचा म्हणून मी चिठ्ठी लिहून खाली लावली. निदान मनाशी तरी असंच म्हटलं. ‘पद्मेत बुडालेल्या कबरस्तानाची विरघळती माती. छायाचित्रकाराच्या पत्नीची कबर याच जागी होती.’

दुपारपासून गर्दी झाली. लोक ओळी वाचत, च्‌ च्‌ करत, मान वर करून फोटोकडे एकदा बघत आणि पुढे सरकत. काही जण त्याच्याशेजारी उभं राहून स्वतःचे फोटो काढून घेत. तोफायल भाई खूश. “बघ, सांगितलं की कळतं माणसांना.”

पाचव्या दिवशी शेफाली बहिणीला घेऊन आली, आणि नेमके चाचाही त्याच वेळी आले. त्या दोघींच्या मागे ते उभे राहिले. शेफालीनं चिठ्ठी वाचली. मग बहिणीकडे वळून ओशाळं हसली. “अगं बाई, ही तर नदी! मी आपली भलतंच काहीतरी समजत होते.”

“नाही हो, माई,” चाचा पुढे होऊन म्हणाले. “तुम्ही बरोबर बघत होतात.”

हे कोण, ते तिला ठाऊक नव्हतं. “नाही काका, लिहिलंय ना इथे,” असं म्हणून ती बहिणीला घेऊन निघून गेली.

चाचांनी चिठ्ठी वाचली. मला वाटलं, आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

“माझं चुकलं, चाचा. ते फोटो उतरवणार होते...”

“उतरवू द्यायचा होतास,” ते म्हणाले. “खोटं काही लिहिलेलं नाहीस तू. पण त्या बाईची आई गेली ना तिथून.”

ते गेल्यावर मी चिठ्ठी फाडून टाकली. पण सकाळी स्थानिक वर्तमानपत्रात फोटो छापून आला, खाली माझ्या दोन ओळींसकट.

शेवटच्या दिवशी चाचा फोटो न्यायला आले. मीच तो गमछ्यात गुंडाळून दिला. “पुढच्या वर्षी द्याल ना?” मी विचारलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि जिना उतरून गेले. फाल्गुनात ते मुलीकडे पाबन्याला राहायला गेले.

चिठ्ठी फाडल्यानंतरचे प्रदर्शनाचे तीन दिवस मला अजून आठवतात. फोटोखाली काहीही लिहिलेलं नव्हतं. लोक दारातूनच विचारत यायचे, “ती कबरीची नदी कुठली हो?”

आणि मी हात करून दाखवायचे.