एकशे सव्वीस, ब्याऐंशी

नर्सिंगच्या कॉलेजात शिरायचं तर आधी सिस्टरबाईंच्या बैठकीच्या खोलीतून जावं लागे. सिस्टरबाई म्हणजे चौतीस वर्षं इस्पितळात काढून निवृत्त झालेल्या नर्स. नोकरी सुटली तरी हुकूम सोडायची सवय सुटली नव्हती, म्हणून त्यांनी प्रवेशाच्या मुलाखतीची तयारी करून घेणारा वर्ग काढला होता. सहा मुली, दोन बाकं आणि भिंतीवर माणसाच्या पोटाचा एक तक्ता. त्यातलं यकृत चहा सांडून कायमचं तपकिरी झालं होतं. वर्गातलं खरं धाकाचं प्रकरण होतं ती वही. प्रत्येक मुलीनं बीपीचं यंत्र आठ दिवस घरी न्यायचं, घरातल्या आणि शेजारपाजारच्या माणसांना धरून चाळीस वेळा बीपी मोजायचं आणि वही बाईंपुढे ठेवायची. जो आकडा बाईंना पटत नसे, त्याच्याभोवती त्या लाल गोल काढत. "आकडा चुकला म्हणजे तुझा कान चुकला," असं त्या म्हणत. तीन गोल झाले की शिफारसपत्र मिळत नसे, आणि त्या पत्राशिवाय मुलाखतीत आपली डाळ शिजणार नाही, अशी सगळ्या मुलींची पक्की समजूत होती.

मुंगीच्या वहीत दोन गोल आधीच पडले होते. मुंगी हे तिचं घरातलं नाव. लहानखुरी अंगकाठी, दिवसभर काही ना काही ओढत इकडून तिकडे जायची, म्हणून आत्यानं ठेवलेलं. पहिला गोल आत्याचाच होता. आत्या म्हणजे वडिलांची मोठी बहीण, नवरा गेल्यापासून यांच्याकडेच राहायची. तिला पट्टा बांधला तरी तोंड बंद करता आलं नाही, त्यामुळे आकडा भलताच आला. दुसरा गोल शेजारच्या शिंप्याचा. तो मोजताना हसत होता.

मग पाळी आली आईची. आई एका लाँड्रीत इस्त्रीला होती. आठ-आठ तास उभं राहून चादरी आणि डगले दाबून तिचे दंड असे भरले होते, की यंत्राचा पट्टा जेमतेम पुरायचा आणि फुगा दाबला की चर्रकन सुटायचा. मुंगीनं तो हातानं धरून ठेवला, कान लावला. एकशे शहाण्णव, एकशे बारा. तिनं हवा सोडली आणि पुन्हा मोजलं. दोनशे, एकशे दहा. तिसऱ्यांदा परत एकशे शहाण्णव.

"अगं, किती वेळा आवळशील? दंड आहे का टॉवेल?" आई म्हणाली.

"आकडा चुकतोय माझा."

"किती येतोय?"

मुंगीनं सांगितलं. आईला त्यातलं काही कळत नव्हतं, पण मुलीचा चेहरा कळत होता. ती हसायला लागली.

"मला काय धाड भरलीय? सकाळपासून उभी आहे मी. तुझा पट्टाच तोकडा आहे. बाई काय म्हणतात, किती असायला हवं?"

"एकशेवीस, ऐंशी."

"मग लिही की तेवढं. नाहीतर असं कर, अगदी तेवढंच नको लिहूस, बाईंना संशय येईल. थोडं इकडंतिकडं कर."

दोघी त्यावर बराच वेळ हसल्या. जाड दंडाला लहान पट्टा लावला तर आकडा जास्त येतो, हे बाईंनीच वर्गात सांगितलं होतं, त्यामुळे मुंगीला ते पटलंही. तिनं वहीत लिहिलं, एकशे सव्वीस, ब्याऐंशी. चार दिवसांनी वही परत आली तेव्हा त्या आकड्यापुढे बाईंची बरोबरची खूण होती.

तीन आठवड्यांनी आई इस्त्रीच्या टेबलापाशी कोसळली. डोक्यातली नस फुटली होती. मुंगी आणि बाबा इस्पितळात पोचले तेव्हा ती श्वास घेत होती, पण कुणाला ओळखत नव्हती. तरुण डॉक्टर हातात कागद धरून उभा होता. "यांना आधी कधी बीपीचा त्रास होता का?" त्यानं विचारलं. बाबा म्हणाले, "नाही. कधीच नाही." डॉक्टरनं तसं लिहून घेतलं. मुंगी बाबांच्या शेजारी उभी होती. दुसऱ्या दिवशी दुपारी आई गेली.

मुंगीला रडू आलं नाही. लोक भेटायला येत, तिच्याकडे बघत आणि आपसात म्हणत की पोर धीराची आहे, नर्सच व्हायची. खरं म्हणजे धीराबिराचं काही नव्हतं. आत कुणीतरी मुख्य बटण बंद करून निघून गेलं होतं. भूक लागायची, झोप यायची, बाकी काही यायचं नाही. आठ दिवसांनी मुलाखत होती, तीही तिनं दिली. नर्स का व्हायचंय, असं विचारल्यावर सिस्टरबाईंनी पाठ करून घेतलेलं उत्तर घडाघडा म्हणून दाखवलं. मुलाखत घेणाऱ्यांनी वही चाळली आणि नीटनेटकी आहे म्हणून कौतुक केलं.

कॉलेजात तिला "बर्फ" म्हणायला लागले. पहिल्यांदा मृतदेह बघताना वर्गातल्या दोन मुली चक्कर येऊन पडल्या, तेव्हा हिनं त्यांच्या तोंडावर पाणी मारलं आणि पुन्हा जागेवर जाऊन उभी राहिली. शिकवणाऱ्यांना ती आवडायची. सुटीत घरी आली की मात्र एक वाक्य ऐकावं लागायचं. बाबा बस डेपोत मेकॅनिक होते, मुळात अबोल, पण पाहुणा आला की हे एक वाक्य ते न चुकता बोलत. "एक वर्ष. फक्त एक वर्ष उशिरा झालं असतं ना, तर माझ्या पोरीनं ओळखलं असतं." पाहुणा मान हलवायचा. आत्या पदर डोळ्याला लावायची. मुंगी आत जाऊन भांडी घासायला घ्यायची. ते वाक्य तिनं इतक्या वेळा ऐकलं, की बाबा कुठल्या शब्दावर दम खातात हेसुद्धा तिला ठाऊक झालं. सांगून टाकावं असं प्रत्येक वेळी तिच्या मनात यायचं. पण आई गेली त्याचं खापर फोडायला बाबांना कुणीच नव्हतं, आणि ज्या एका गोष्टीवर ते मान ताठ ठेवून जगत होते ती म्हणजे ही मुलगी. तीच काढून घ्यायची म्हणजे माणूस उभा कसा राहणार? त्यामुळे चार वर्षं तिनं तोंडाला कुलूप घातलं.

मग नोकरी लागली. औषधोपचाराचा मोठा वॉर्ड, चोवीस खाटा, सकाळी आठच्या आत सगळ्यांचं तापमान, नाडी आणि बीपी तक्त्यावर चढलेलं हवं. हातमोज्यांच्या खोक्यातले मोजे नेमके तिच्या मापाचे संपलेले, आणि ट्रॉलीचं एक चाक डावीकडे ओढणारं. मुंगी प्रत्येक बीपी दोनदा मोजायची. काही वेळा तीनदा. अकराव्या खाटेपर्यंत पोचायची तोवर आठ वाजलेले असायचे.

"परीक्षा संपली गं तुझी," तिच्या जोडीची नर्स म्हणाली. तिला या वॉर्डात सहा वर्षं झाली होती. "ज्याचं काल एकशेतीस होतं त्याचं आज एकशेअठ्ठावीस असतं. मी तर चेहऱ्यावरून सांगते."

"मी मोजते," मुंगी म्हणाली.

"मोज बाई. आमच्या चहाचे बारा वाजव."

आठवडाभरानं सतराव्या खाटेवरच्या बाईंचा आकडा खूप खाली आला. नव्वद, पन्नास. बाई तर उशीला टेकून मजेत केस विंचरत होत्या. मुंगीनं पुन्हा मोजलं, दुसऱ्या हातावर मोजलं, पट्टा बदलून मोजलं. तक्त्यावर लिहायला पेन टेकवलं आणि हात तिथंच थांबला. इन्चार्ज सिस्टर मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"काय झालं?"

"सिस्टर, आकडा विचित्र येतोय. माझंच चुकत असेल."

इन्चार्ज सिस्टरनी बाईंच्या पापण्या खाली ओढून बघितल्या आणि डॉक्टरना बोलवायला सांगितलं. बाईंच्या पोटात रक्तस्राव होत होता. त्या वाचल्या. धावपळ संपल्यावर इन्चार्ज सिस्टरनी मुंगीला औषधांच्या कपाटापाशी गाठलं. त्या रागावल्या नव्हत्या, रोज प्रत्येक नवीन मुलीला सांगावं तशाच सुरात बोलल्या.

"एक गोष्ट ध्यानात ठेव. विचित्र आकडा आला तर तो आधी पेशंटचा असतो. नीट खात्री केल्यावर मगच तुझ्या चुकीचा. आपलं चुकलं असेल म्हणून आकडा सोडून द्यायचा नाही. एवढं एक शिकलीस तरी पुरे."

मुंगी "हो" म्हणाली. मग कपाटातल्या बाटल्या तारखेप्रमाणे लावल्या, त्यातल्या दोन मुदत संपलेल्या निघाल्या त्या वेगळ्या काढल्या, आणि ड्यूटी संपवून घरी आली.

रविवारी तिला सुटी होती. सकाळी आत्यानं बाही वर करून खुर्चीत बैठक मारली.

"घरात नर्स आहे ती काय शोभेला? बघ माझं."

मुंगीनं मोजलं. आत्या या खेपेला तोंड मिटून बसली, वय झाल्याची ती एक खूण. आकडा बरा आला. "दादा, आता तू," आत्या बाबांना म्हणाली. वयानं धाकटा असला तरी घरातला एकुलता पुरुष म्हणून ती भावाला दादाच म्हणायची. बाबांनी चार वर्षांत एकदाही मुंगीपुढे दंड धरला नव्हता. कधी काम असायचं, कधी हाताला ग्रीस असायचं.

"मला काय झालंय?" बाबा म्हणाले.

"बाबा, बसा," मुंगी म्हणाली.

तिच्या आवाजात काय होतं कुणास ठाऊक, ते बसले. आत्या गच्चीवर कपडे वाळत घालायला बादली घेऊन गेली. मुंगीनं पट्टा बांधला, नळ्या कानात घातल्या, फुगा दाबला. नळ्या कानात असल्या की आपलाच आवाज लांबून आल्यासारखा येतो आणि समोरच्याचा येतच नाही. तिनं मुद्दाम तीच वेळ धरली.

"बाबा, आईचं मी मोजलं होतं. ती जायच्या तीन आठवडे आधी. एकशे शहाण्णव आलं, तीनदा मोजलं तरी साधारण तेवढंच. मला वाटलं माझं चुकतंय. मी वहीत एकशे सव्वीस लिहिलं."

बाबांचे ओठ हलले. मुंगीला फक्त ठोके ऐकू येत होते. ते कुठे सुरू झाले आणि कुठे थांबले, याचा तिला पत्ता लागला नाही. हवा निघून गेली. तिनं नळ्या काढल्या.

"काय म्हणालात?"

बाबा स्वतःच्या दंडाकडे बघत होते. "म्हटलं, मला ठाऊक आहे."

"काय ठाऊक आहे?"

"तिनं त्याच संध्याकाळी सांगितलं होतं. म्हणाली, पोरीच्या यंत्रात मी दोनशेची निघाले. आम्ही दोघं हसलो." ते थांबले. "महिनाभर तिचं डोकं दुखत होतं. ते तुला माहीत नव्हतं. मला होतं. तरी हसलो मी."

"मग ते एक वर्षाचं..."

"ते मी माझ्यासाठी म्हणायचो. तुला कळणं शक्यच नव्हतं असं धरलं, की मग मलाही कळलं नव्हतं असं व्हायचं."

मुंगीला राग आला. चार वर्षांत पहिल्यांदा तिला काहीतरी आलं, आणि ते हे. चार वर्षं आपण ज्या वाक्याखाली मान घालून भांडी घासली, ते या माणसानं स्वतःला झाकायला विणलेलं होतं. तिला ओरडावंसं वाटलं, आणि त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवावंसंही वाटलं. तिनं दोन्हीतलं काही केलं नाही.

"बोलल्यावर आकडा खरा येत नाही," ती म्हणाली. "पाच मिनिटं गप्प बसायचं. पाय जमिनीवर टेका. पाठ टेका."

बाबांनी पाय टेकले, पाठ टेकली. मुंगी समोरच्या स्टुलावर बसली आणि घड्याळाकडे बघत राहिली. इतक्या वर्षांत बापलेक आईविषयी कधी बोलले नव्हते, आणि आता बोलले तर नियमानं गप्प बसायची पाळी आली. बाबांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, तेही आवाज न करता. तिनं ते पुसलं नाही. पाच मिनिटं फार मोठी असतात, हे तिला नोकरीत कुणी सांगितलं नव्हतं.

मग तिनं मोजलं. एकदा या हातावर, एकदा त्या हातावर.

"किती?" बाबांनी विचारलं.

"वाढलंय. उद्या माझ्याबरोबर ओपीडीत यायचं."

"रडलो म्हणून असेल. किंवा पट्टा..."

"पट्टा बरोबर आहे, बाबा."

जिन्यावर चपला वाजल्या. आत्या रिकामी बादली घेऊन दारात आली. "काय निघालं दादाचं?"

"बरं आहे," बाबा घाईनं म्हणाले आणि मुंगीकडे बघितलं. "बरं आहे ना गं? सांग तिला."

मुंगीनं पट्टा गुंडाळून खोक्यात ठेवला.

"एकशे बहात्तर, एकशे चार," ती म्हणाली.

आत्यानं बादली खाली ठेवली.