मक्याच्या कोठीतलं चुकीचं वचन

माझ्या मेहुण्याला, म्हणजे बायकोच्या भावाला, सगळे 'तोंडपाठ' म्हणायचे. जन्मला तेव्हा तो रडला नाही, त्याने स्तोत्र म्हटलं आणि वर सुईणीची एक चूक सुधारली, असं मी लोकांना सांगतो. नवखा माणूस हसतो. आमच्या चर्चच्या मंडळीतला मान डोलावतो, कारण त्याने मेहुण्याला ऐकलेलं असतं.

पवित्र शास्त्र त्याला पानापानाने पाठ होतं. नुसतं पाठ असतं तर चाललं असतं, पण त्याला दुसऱ्याचं चुकलेलं सहन व्हायचं नाही. रविवारी पाळकसाहेब भरात आले की मागच्या बाकावरून हमखास आवाज यायचा, "'आणि' नाही साहेब, 'परंतु'." त्या धास्तीने पाळकसाहेबांना दर शनिवारी ताप भरायचा. मेहुण्याची बायको शेजारून त्याचा शर्ट मागे खेचायची, "अहो, बसा खाली, देवाला कळतं ते!" वर्षानुवर्षं खेचून त्याच्या सगळ्या शर्टांच्या पाठी पुढच्या बाजूपेक्षा वीतभर लांब झाल्या होत्या. यातली वीत माझ्या पदरची. लांबी खरी.

मग ती आजारी पडली. पोटाचं दुखणं, आधी बारीक, मग सगळं घर व्यापून टाकणारं. तो तिच्या उशाशी बसून वचनं म्हणायचा आणि ती भिंतीकडे तोंड करून ऐकायची. ती बरी होणार, याबद्दल त्याच्या मनात शंका नव्हती. ती गेली.

दफनाच्या वेळी पाळकसाहेब गडबडले आणि वचनातली अख्खी ओळ गाळून पुढे गेले. आम्ही सगळे श्वास धरून थांबलो. मेहुणा खड्ड्याकडे बघत उभा होता. शर्ट ओढणारी खाली पेटीत होती, अडवायला कुणी नव्हतं, तरी तो बोलला नाही. त्या दिवशी दोन माणसं पुरली गेली असं माझी बायको म्हणते, आणि तिला माझ्यासारखी फुगवून सांगायची सवय नाही.

त्यानंतर तो उपासनेला आला नाही. वचनाचा एक शब्द त्याच्या तोंडून कुणी ऐकला नाही. माझी बायको त्याच्याकडे डबा पाठवायची, तो डबा धुऊन परत करायचा. जेवला का, हे त्या धुतलेल्या डब्यावरून कळायचं नाही.

"अहो, कामावर त्याच्याकडे लक्ष ठेवा," ती मला म्हणाली. "काल मी विचारलं, प्रार्थना तरी करतोस का रे? तर म्हणतो, ताई, फोन वाजत राहावा तसं होतं, आत कुणी उचलतच नाही."

आम्ही दोघं धान्याच्या गोदामात कामाला होतो. पत्र्याच्या उंच गोल कोठ्या, वरून मका भरायचा, तळाच्या दारातून सरकत्या पट्ट्यावर सोडायचा. मक्याला ओल लागली की वरचा थर पापडासारखा धरतो. खालचा मका पट्ट्यावरून निघून जातो, आणि पापडाखाली पोकळी राहते. वरून बघणाऱ्याला वाटतं, कोठी भरलेली आहे. मग कुणीतरी आत उतरून कडेकडेने पहारीने तो पापड फोडायचा असतो.

त्या सकाळी फोरमनने तळाचं दार लावलं, पट्टा बंद केला आणि चावी स्वतःच्या खिशात टाकली. उतरायची पाळी माझी होती. मेहुण्याने माझ्या हातातून दोर घेतला आणि स्वतःच्या छातीला बांधला.

"माझी पाळी आहे," मी म्हणालो.

"तुम्हाला बायको आहे, भावोजी," तो म्हणाला आणि शिडीवरून उतरायला लागला.

मी वरच्या झाकणाशी दोर धरून बसलो. दोराचं दुसरं टोक लोखंडी कडीत अडकवलेलं होतं.

तो कडेने चालला नाही. सरळ मधोमध गेला. मुद्दाम गेला की विसरला, हे मी त्याला आजवर विचारलेलं नाही. पहार दोनदा आपटली, आणि खालून मोठ्या जनावराने ढेकर दिल्यासारखा आवाज आला. पापड फुटला. धूळ बसली तेव्हा मेहुणा छातीपर्यंत मक्यात होता, आणि चारी बाजूंनी दाणे सळसळत त्याच्याकडे येत होते.

मी दोर ओढायला लागलो. फोरमन धापा टाकत वर आला आणि त्याने माझ्या हातावर फटका मारला.

"ओढू नको! कमरेतून तुटेल तो! दोर ताठ धर, बास!" मग आत वाकून ओरडला, "हलू नकोस रे! अजिबात हलू नकोस!"

पाण्यात बुडणाऱ्याला निदान हातपाय मारता येतात. मक्यात प्रत्येक हालचालीला माणूस आणखी खाली जातो. श्वास सोडला की छाती आत जाते, तेवढ्या जागेत दाणे शिरतात, आणि पुढचा श्वास आधीपेक्षा लहान होतो. फोरमनने दोर ताणून कडीला गाठ मारली आणि हे मला शिडी उतरता उतरता सांगितलं. त्याच्या चुलतभावाचं असंच झालं होतं, तेही सांगितलं. तो वाचला का, ते मी विचारलं नाही.

"आम्ही फळ्या आणि पत्रे आणतो," तो म्हणाला. "त्याच्याभोवती चौकट ठोकायची आणि आतला मका डब्याने उपसायचा. वेळ लागेल. तोवर तू फळीवर पालथा पडून त्याच्यापाशी राहा. मोठे श्वास घेऊ देऊ नकोस, जास्त बोलू देऊ नकोस. पण झोपू देऊ नकोस. झोपला तर मान पडेल, मान पडली तर तोंडात दाणे जातील."

मी फळीवर पालथा पडलो. माझं तोंड त्याच्या तोंडापासून हातभर लांब. त्याच्या पापण्या धुळीने पांढऱ्या झाल्या होत्या. अंगाला घाम होता, हात बर्फासारखा.

"दोर सोडा, भावोजी."

"गाठ फोरमनने मारलीय. त्याला विचार."

"विचारा ना."

"मला नाही जमणार, तो आज चिडलेला आहे."

त्याला हसू आलं नाही. "पाय कळत नाहीत," तो म्हणाला. "बरं वाटतंय. झोप येतेय."

मी त्याला माझी ती गोष्ट सांगायला लागलो, मी शिंकलो आणि पलीकडच्या गल्लीतल्या दोरीवरचे कपडे वाळले ती. त्याने डोळे मिटले.

"अरे, वचन म्हण एखादं! एवढं पाठ आहे तुला!"

"गेलं सगळं."

"कुठे गेलं?"

"तिच्यासोबत."

आणि त्याची मान हळूहळू पुढे यायला लागली.

मला शास्त्रातलं फार येत नाही. उपासनेत मी मागे बसतो आणि पुढच्या माणसाच्या टकलावर माशी किती वेळ टिकते ते बघतो. पण मेहुण्याच्या तोंडून ऐकून ऐकून एक वचन अर्धवट डोक्यात होतं. अर्धवट माल पुरा करून विकायची मला सवय आहे. मी मोठ्याने म्हणालो, "प्रभू म्हणतो, 'तुला पाणी कधी शिवणार नाही. तू काठावर बसशील आणि तुझे पाय कोरडे राहतील.'"

त्याच्या कपाळाला आठी पडली.

"कुठलं हे?"

"शास्त्रातलं."

"नाही."

"आहे. तू विसरलास. 'काठावर बसशील आणि—'"

"पाण्यातून," तो म्हणाला. मान वर आली होती.

"काय?"

"पाण्यातून जाशील."

"जाशील? म्हणजे टळणार नाही?"

"जाशील."

"असं कसं? देव आहे तो, मला वाटलं—"

"तुम्हाला काय वाटतं ते नाही लिहिलेलं."

पत्रे घेऊन उतरणाऱ्या फोरमनने हे ऐकलं. "काय चाललंय? भांडताय?"

"शास्त्रावरून," मी म्हणालो.

"मला तुमच्यातलं कळत नाही. पण भांडा. भांडणारा झोपत नाही. थोडक्यात भांडा मात्र."

मग आम्ही थोडक्यात भांडलो. मी म्हणायचो, "'तू पाण्यातून जाशील तेव्हा मी वरून बघत असेन.'" तो म्हणायचा, "सोबत असेन." मी म्हणायचो, "'नद्या तुला बघून आटतील.'" तो म्हणायचा, "बुडवणार नाहीत." एका वेळी एक-दोन शब्द, त्यापुढे श्वास पुरत नव्हता. माझ्या लक्षात यायला लागलं की मी म्हणत होतो ते सगळं त्याच्यापेक्षा गोड होतं. माझ्या वचनात कुणी भिजत नव्हतं. त्याच्यात माणूस पाण्यात असायचाच, फक्त एकटा नसायचा.

फोरमन आणि दोघं जण एकेक पत्रा त्याच्याभोवती मक्यात दाबत होते. पत्रा बसला की दाणे सरकायचे आणि मेहुण्याचे ओठ आणखी निळे व्हायचे.

तेव्हा माझ्या जिभेला खाज सुटली. सगळं नीट चाललं असताना मला ती सुटतेच. मी म्हणालो, "'आणि तू अग्नीतून जाशील तेव्हा जवळ मलम ठेव.'"

मेहुणा हसला. बायको गेल्यापासून पहिल्यांदा हसला. एक छोटंसं हसू, नाकातून निघालेलं, आणि त्यासोबत छातीतली होती नव्हती ती हवा निघून गेली. दाणे आत सरकले. पुढचा श्वास घ्यायला त्याने तोंड उघडलं, तर श्वास आत जाईना.

"हसवू नको त्याला, गाढवा!" फोरमन किंचाळला.

मेहुण्याचे डोळे मोठे झाले, माझ्याकडे लागले, मग मिटले. ओठांतून शिट्टीसारखा बारीक आवाज येत राहिला, आणि मग डब्यांच्या खडखडाटात मला तोही ऐकू येईना.

माझ्या थापा संपल्या. आयुष्यभर ज्या पिशवीत हात घातला की काहीतरी निघालंच, ती रिकामी. आपल्याच हाताने आपण याला मारलं आणि आता घरी जाऊन बायकोला काय सांगायचं, एवढंच डोक्यात होतं. मी त्याचा थंड हात धरून बडबडायला लागलो. त्याला जागं ठेवायला नव्हे. मला दुसरं काही येत नव्हतं म्हणून. "तू पाण्यातून जाशील तेव्हा मी तुझ्यासोबत असेन." पुन्हा तेच. पुन्हा तेच. माझाच आवाज मला परका वाटत होता. प्रत्येक वेळी वाटायचं, आता आठी पडेल, आता एक शब्द येईल.

काही आलं नाही.

"गेला!" मी ओरडलो. "फोरमन, गेला हा! बोलत नाही!"

मेहुण्याने एक डोळा उघडला.

"काय ओरडताय?"

"अरे, मग बोलत का नाहीस?"

"चुकलात कुठे?" तो म्हणाला.

मी फळीवर डोकं टेकलं. रडलो का? धूळ फार होती.

चौकट पुरी झाली. आतला मका डब्याने उपसायला लागले, आणि छाती मोकळी झाली तसा त्याचा श्वास वाढला, आणि श्वासासोबत दुखणं परत आलं. खाली वाकडी झालेली पहार त्याच्या गुडघ्यात रुतली होती. तो कण्हायला लागला. त्या कण्हण्यातच म्हणाला, "मी तिला तुमच्यासारखंच सांगत होतो, भावोजी."

"काय?"

"शब्द एकही चुकला नाही माझा. पण सांगत होतो असं, की जणू पाणी येणारच नाही. ती पाण्यात उतरलीच होती. तिला दिसत होतं." तो थांबला. "एकदा म्हणाली, 'सोबत असेन, तेवढंच म्हणा. बाकीचं नको.' मी म्हणालो, मधूनच कसं म्हणायचं?"

फोरमन डब्यामागून डबा उपसत राहिला.

त्याला कमरेखाली पट्टे घालून वर काढला तेव्हा उजवा पाय गुडघ्याखाली भलत्याच दिशेला लोंबत होता. तो पाय पुन्हा कामाचा होणार नाही हे सांगायला डॉक्टरची गरज नव्हती. कोठीच्या पायथ्याशी स्ट्रेचरवर ठेवलं. माझी बायको तिथे पोचली होती. तिने एकदा पायाकडे बघितलं आणि भावाचं डोकं दोन्ही हातांत धरलं.

"ताई," तो म्हणाला, "पाळकसाहेबांना सांग, मी येईन."

"आता नको बोलूस."

"येईन म्हणजे बरा झालोय असं नाही. आतून अजून कुणी उचलत नाही."

"बरं," ती म्हणाली.

स्ट्रेचर उचलायला चौघं वाकले तेव्हा त्याने हात वर केला आणि स्वतःहून म्हणायला लागला. आवाज फाटलेला, मध्ये दम घेत. "नाशाच्या खळग्यातून... दलदलीच्या चिखलातून... त्याने मला वर काढलं, आणि माझे पाय..."

तिथे थांबला. त्याची नजर आपल्या पायावर गेली होती. पुढे काय आहे ते मलाही माहीत होतं. माझी बायको तोंडावर पदर धरून उभी होती. चौघं वाकलेल्या कमरेने थांबले होते. फोरमन, ज्याला आमच्यातलं काही कळत नव्हतं, त्याने एका माणसाच्या दंडाला हात लावून त्याला थोपवलं.

मेहुणा रडायला लागला. बायकोसाठी, पायासाठी, कशासाठी ते त्याचं त्याला माहीत. त्याचा कुणी शर्ट ओढला नाही. रडून झाल्यावर त्याने राहिलेले शब्द म्हटले, "खडकावर ठेवले," पुटपुटल्यासारखे, पण सगळे. मग फोरमनकडे बघून म्हणाला, "उचला."